गाठीमागे एक रुपया

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



१९२० साली मुंबई सरकारने एक नवा कर बसवला. मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया. गाठ अकोल्याची असो, खामगावची असो, जळगावची असो नाहीतर परभणीची असो, शहराच्या हद्दीत शिरली की रुपया भरायचा. कशासाठी? गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी मुंबई सुधारण्याचा मोठा बेत आखला होता. गिरणी कामगारांसाठी चाळी बांधायच्या, समुद्र बुजवून जमीन काढायची, शहर उत्तरेला खाडीपलीकडे न्यायचे. त्यासाठी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे वेगळे खातेच काढले. चाळींच्या भाड्यातून चाळींचा खर्च निघणार नव्हता. ती तूट भरायला हा गाठीवरचा रुपया.

आज आम्ही या रुपयाचा हिशेब तुमच्यापुढे मांडणार आहोत. कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीचा रुपया उकरून आता काय हाती लागणार? रुपया गेला तो गेलाच. पण ज्या वाटेने तो गेला ती वाट अजून मोकळी आहे, आणि त्याच वाटेने आपल्या घरातले आजही बरेच काही जाते आहे. म्हणून ती वाट एकदा नीट पाहून घ्यावी, एवढ्यासाठी हे बोलणे.

रुपया भरला कोणी?

कागदावर रुपया भरला व्यापाऱ्याने. पण व्यापारी पदरचे कधी भरत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मुंबईचा कापसाचा भाव तेव्हा लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या बाजारावर ठरायचा. आपल्या वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. आता मुंबईचा निर्यातदार लिव्हरपूलच्या गिऱ्हाइकाला म्हणू शकतो का, की बाबा, आमच्याकडे चाळी बांधायच्या आहेत, तू रुपया जास्त दे? तो म्हणेल, मी टेक्सासचा कापूस घेतो. मग निर्यातदार मागे वळतो आणि दलालाला रुपया कमी देतो. दलाल जिनवाल्याला कमी देतो. जिनवाला बाजारात उभ्या असलेल्या गाडीवानाला कमी देतो. गाडीवान मागे वळून कोणाला कमी देणार? त्याच्या मागे फक्त त्याचे घर. बांधावर पडलेले पाणी जसे उताराच्या वावरात जाऊन साचते, तसा कर शेवटी ज्याला थांबता येत नाही त्याच्याकडे येऊन साचतो.

वेळ कशी गाठली तेही पाहा. १९२० सालच्या वसंतात अमेरिकेच्या बाजारात कापूस पौंडाला ४० सेंटांच्या घरात होता. वर्ष संपता संपता तो १५ सेंटांच्या खाली आला. भाव असा कोसळत असताना गाठीमागे रुपया लागला.

या रुपयाशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहू या. १९२३ साली केंद्र सरकारने कापसावर एक उपकर बसवला. त्यातून कापसाचे बियाणे सुधारायचे, संशोधन करायचे. त्यासाठी मध्यवर्ती कापूस समिती होती, आणि तिच्या पैशातून १९२४ साली माटुंग्याला कापूस तपासण्याची प्रयोगशाळा निघाली. हा उपकर किती? सुरुवातीला गाठीमागे चार आणे, पुढे दोन आणे. म्हणजे ज्याच्या घामाची ती गाठ, त्याच्या शेतीसाठी दोन-चार आणे, आणि मुंबईच्या बांधकामासाठी सोळा आणे! आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आणि मुख्य मुद्दा अजून पुढेच आहे. हा रुपया बसवला मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते का? नव्हते. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला, राजधानी नागपूर. मराठवाडा कुठे होता? निजामाच्या राज्यात. खानदेश तेवढा मुंबई इलाख्यात, आणि तिथेही मत होते ते ठरावीक सारा भरणाऱ्या मूठभरांना. म्हणजे ज्या सभेने कर ठरवला तिथे वऱ्हाडच्या आणि मराठवाड्याच्या कापूसवाल्याच्या बाजूने हात वर करणारा एकही माणूस बसलेला नव्हता. गाठीला मुंबईत यायची सक्ती, आणि गाठीच्या मालकाला मुंबईत तोंड नाही.

अमेरिकेत काय चालले होते?

आता थोडे लांब जाऊ. मुंबईत हे घडत होते त्याच्या आगचीमागची २०-२५ वर्षे अमेरिकेत सुधारणेचे वारे जोरात होते. तिकडच्या इतिहासात त्याला पुरोगामी सुधारणांचा काळ म्हणतात. हा काळ आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याची मशागत शेतकऱ्यांनी केली होती. त्यातही कापूसवाल्यांनी.

१८८० नंतर टेक्सास आणि दक्षिणेतल्या इतर राज्यांत शेतकऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. तक्रारी काय होत्या? रेल्वे कंपन्या भाडे वाटेल ते लावतात. दुकानदार उधारीवर माल देतो आणि पीक आधीच लिहून घेतो. कापसाचा भाव वर्षावर्षाला उतरतो आहे. १८९४ साली तो पौंडाला पाच सेंटांच्या आसपास आला होता. ऐकताना आपल्याच तालुक्याचे वर्णन वाटते ना? १८८८ साली गाठी बांधायच्या तागाच्या कापडाचा भाव कारखानदारांच्या टोळीने एकजुटीने वाढवला. ताग आपल्या बंगालचा. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांनी ठरवले, ताग घ्यायचाच नाही. कापसाच्या गाठी कापसाच्याच कापडात बांधल्या. टोळीला नमावे लागले.

त्यांची दुसरी मागणी होती सरकारी गोदामांची. हंगामात माल बाजारात ओतायचा नाही, गोदामात ठेवायचा, आणि त्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत सरकारने स्वस्त व्याजाने कर्ज द्यायचे. भाव आला की विकायचा. १८९२ साली त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. १८९६ साली अध्यक्षपदासाठी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यामागे ताकद लावली आणि हरले. पक्ष विरून गेला.

पण मागण्या विरल्या नाहीत. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी त्या उचलल्या. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना १९०६ साली रेल्वेचे भाडे ठरवण्याचा अधिकार सरकारी आयोगाला मिळाला. त्याच वर्षी अन्नात आणि औषधात भेसळ करणाऱ्यांविरुद्ध कायदा झाला. १९१३ साली श्रीमंतांवर प्राप्तिकर आला. १९१४ साली कापसाच्या वायदेबाजाराला कायद्याने वेसण घातली आणि प्रतवारीची सरकारी मोजपट्टी लागू झाली. त्याच वर्षी शेतीतले नवे ज्ञान गावोगाव पोचवण्याची योजना निघाली. १९१६ साली शेतकऱ्यांना लांब मुदतीच्या कर्जाचा कायदा आणि गोदामातल्या मालाच्या पावतीवर कर्ज मिळण्याचा कायदा, दोन्ही झाले. हरलेल्या शेतकऱ्यांनी पेरलेले वीस वर्षांनी उगवले. याबद्दल त्या सुधारकांना आम्ही पूर्ण मान देतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. १८९८ साली अमेरिकेने स्पेनशी युद्ध केले. त्यातून पोर्टो रिको आणि ग्वाम मिळाले, आणि दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सची बेटे घेतली. त्याच वर्षी हवाई बेटेही गिळली. तिथल्या राणीला साखरमळेवाल्यांनी १८९३ सालीच गादीवरून उतरवले होते. फिलिपिनो लोक स्पेनविरुद्ध लढत होते ते स्वातंत्र्यासाठी, मालक बदलून घेण्यासाठी नव्हे. ते अमेरिकेशीही लढले. १८९९ ते १९०२ या युद्धात, आणि त्यासोबत आलेल्या रोगराईत व उपासमारीत, सुमारे दोन लाख सामान्य माणसे मेली असे धरले जाते.

हे करणारे कोण? सुधारणेच्या विरोधातले लोक होते का? नाही. अल्बर्ट बेव्हरिज नावाचे सिनेटर होते. खाटीकखान्यातल्या मांसाची तपासणी झाली पाहिजे म्हणून झगडले, आणि फिलिपिन्स कधीही सोडू नये म्हणून त्याच तोंडाने भाषणे करत. डॅनियल बर्नहॅम हे नगररचनाकार. शिकागो शहराचा १९०९ सालचा गाजलेला आराखडा त्यांचा. त्याच्या आधी १९०५ साली मनिला आणि बागिओ या फिलिपिन्समधल्या दोन शहरांचे आराखडे त्यांनीच केले. बागिओ म्हणजे साहेबांसाठी थंड हवेचे ठिकाण, तिथल्या डोंगरातल्या आदिवासींच्या कुरणांवर वसवलेले. मातेओ कारिन्यो नावाच्या एका आदिवासी जमीनधारकाने आपल्या जमिनीसाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९०९ साली न्यायालयाने मान्य केले, की पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागद नाही म्हणून सरकारची ठरत नाही. निकाल झाला, शहर मात्र उठले नाही.

तिकडच्या संत्र्यांची गोष्ट तर आपल्या संत्रेवाल्यांनी ऐकावी अशी आहे. पोर्टो रिकोची संत्री न्यूयॉर्कला उतरली. तिथे त्यांच्यावर जकात मागितली. व्यापारी न्यायालयात गेला: पोर्टो रिको जर अमेरिकेचेच, तर अमेरिकेतून अमेरिकेत माल आणताना जकात कसली? १९०१ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, की ते बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. म्हणून जकात योग्य. मालकीचे आहे पण भाग नाही! भावांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ज्या देशाने ‘आम्हाला मत नाही तर कर नाही’ म्हणून इंग्रजांविरुद्ध बंड केले, त्याच देशाने सव्वाशे वर्षांनी दुसऱ्याला हे ऐकवले.

समुद्रापलीकडेच जायला हवे असेही नाही. अमेरिकेच्याच दक्षिणेत कापूस पिकवणारा काळा कूळ शेतकरी होता. ज्या वर्षांत सुधारणा चालल्या होत्या त्याच वर्षांत राज्याराज्यांनी त्याचे मत काढून घेतले. सुधारणेचा गाडा त्याच्या दारावरून गेला, थांबला नाही. मार्क ट्वेनसारखे लेखक या साम्राज्याविरुद्ध उभे राहिले होते, हेही सांगितले पाहिजे. पण ते थोडे होते.

मुंबईची समुद्रापलीकडची जमीन

आता परत मुंबईला येऊ. इथेही समुद्र ओलांडायचाच होता, फक्त तो खाडीएवढा होता. मुंबई हे एक बेट. त्याच्या उत्तरेला खाडीपलीकडे दुसरे मोठे बेट, साष्टी. आज ज्याला आपण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर म्हणतो ते सगळे साष्टीवर. १७७४ साली इंग्रजांनी साष्टी मराठ्यांकडून जिंकून घेतली, १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे राहिली. शीवचा बांध १८०३ साली झाला, माहीमचा १८४५ साली. १८५३ साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती साष्टीवरूनच. पण तरीही साष्टी शेतीची राहिली. भाताची खाचरे, ताडामाडाच्या वाड्या, मिठागरे, गवताची कुरणे, कोळीवाडे, डोंगरात वारल्यांचे पाडे. मरोळ, मुळगाव, कोंडिविटे, चकाला, एकसर, मागाठाणे, नाहूर, किरोळ. ही कोणाच्या कॉलन्यांची नावे नाहीत, ही गावांची नावे आहेत.

शहराने पहिल्यांदा नेले पाणी. १८६० साली विहार तलाव, १८७९ साली तुळशी. साष्टीचे पुरेना तेव्हा १८९२ साली तानसा, थेट शहापूर तालुक्यातून. पुढे वैतरणा, भातसा. आजही उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, आणि शेजारून मुंबईची जलवाहिनी जाते.

मग आली सुधारणा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे पटापट मेली, लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारने १८९८ साली मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केले. अमेरिकेने फिलिपिन्सकडे कूच केले तेच वर्ष. या मंडळाने रुंद रस्ते केले, दाटीच्या वस्त्या पाडल्या, दादर-माटुंग्याकडे नवे भाग आखले. हवा-उजेड आला, हे खरे. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कमी. उठवलेला गरीब शेजारच्या दाटीत गेला आणि ती दाटी आणखी वाढली.

शहर वाढवायचे तर जागा हवी, आणि जागा होती खाडीपलीकडे. १ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा केला. गाठीवर रुपया बसला तेही हेच वर्ष. १९२२ साली मुलुंडला जव्हेरभाई रामजी या पेढीने क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांकडून आखीव वसाहतीचा नकाशा करून घेतला. १९२८ साली अंधेरीहून ट्रॉम्बेला साष्टीच्या पोटातून रेल्वेचा फाटा काढला, १९३४ साली तो बंदही केला. १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची गावे मुंबईत घेतली, १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतची. १९४९ साली आरे दूध वसाहत, १९५८ साली पवईची आयआयटी, १९६२ नंतर मरोळची एमआयडीसी. प्रत्येक कामाच्या मागे चांगला हेतू होता. दूध हवे, शिक्षण हवे, कारखाने हवेत. प्रत्येक कामाखाली कोणाचे तरी भाताचे खाचर किंवा गवताचे रान होते.

पैसा मिळाला नाही का? मिळाला. पण कोणाला? साष्टीतली बरीच गावे इंग्रजांनी बड्या पारशी आणि इतर घराण्यांना खोत म्हणून किंवा इनाम म्हणून देऊन टाकली होती. बैरामजी जीजीभाय यांना १८३० साली अशीच गावे मिळाली. या जमिनींची सारामाफी काढून घ्यायला १९५१ साल उजाडावे लागले, त्यासाठी खास साष्टी इस्टेटींचा कायदा करावा लागला. तेव्हा जमिनीचा भाव चढला तो कागदावर नाव असलेल्याचा. कसणाऱ्याच्या वाट्याला गावठाण उरले. आजही अंधेरीच्या टोलेजंग इमारतींच्या मधोमध मरोळ-मुळगावची जुनी कौलारू घरे आणि क्रूस दिसतात, गल्ल्या दिसतात. शेत नाही, गाव आहे. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत, तहसीलदार आहेत, मौजे अमुक असे दाखले निघतात. कागदावर गाव जिवंत आहे, शेतकरी नाही.

दोन कायदे, दोन वाटा

साष्टीच्या या गोष्टीत एक शहाणपणाची गोष्टही आहे. तीही आपण घेतली पाहिजे.

जमीन घ्यायचे दोन कायदे होते. एक १८९४चा भूसंपादन कायदा. सरकारने नोटीस काढायची, बाजारभाव ठरवायचा, त्यावर १५ टक्के सांत्वनाचे म्हणून द्यायचे, आणि मालकाने पिशवी उचलून चालू लागायचे. पुढे रस्ता झाला, स्टेशन झाले, भाव दसपट झाला, त्यात त्याचा काही संबंध नाही.

दुसरा १९१५चा मुंबई नगररचना कायदा. आपल्या देशातला या विषयावरचा हा पहिला कायदा. याची रीत निराळी. समजा, चार एकराचे वाकडेतिकडे शेत आहे. शेजारच्या सगळ्यांची शेते एकत्र आखायची, रस्ते, मैदान, शाळा यांच्यासाठी प्रत्येकाने थोडी थोडी जमीन सोडायची. उरलेली जमीन चौकोनी करून, रस्त्याला लावून, त्याच मालकाला परत द्यायची. भाव वाढला तर वाढीचा काही भाग सुधारणेच्या खर्चासाठी त्याने द्यायचा, बाकी त्याचा. वांद्र्यापासून पुढे उपनगरांतल्या कित्येक भागांची आखणी या रीतीने झाली. इथे सुधारणेचा खर्च सुधारणेतून वाढलेल्या भावातून निघतो. अकोल्याच्या गाठीकडे हात पसरावा लागत नाही.

म्हणजे न्यायाची रीत माहीत नव्हती असे नाही. १९१५ सालीच कायद्याच्या पुस्तकात होती. मुंबईच्या शेजारच्या जमीनमालकाला ती मिळाली, कारण तो जवळ होता, शिकलेला होता, वकील करू शकत होता. कुळाला ती पुरती मिळाली नाही. आणि गाठीवाल्याला तर कोणी विचारलेच नाही. न्याय अंतरावर आणि आवाजावर वाटला गेला.

रुपयाचे झाले काय?

लॉइडसाहेबांनी ५०,००० खोल्या बांधायच्या ठरवल्या होत्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, खोल्या १६ हजारांच्या वर. म्हणजे बेताच्या एक तृतीयांश. त्यातल्याही पुष्कळ सुरुवातीला रिकाम्या पडल्या. बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कामात तर एवढा घोळ झाला, की खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने भर सभेत आणि वर्तमानपत्रांतून हिशेब मागितला. एका बड्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, नरिमन निर्दोष सुटले. १९२६ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या नरिमनांचेच नाव पुढे त्या भरावावरच्या नरिमन पॉइंटला मिळाले. मुंबईकराच्या पैशाचा हिशेब मागायला मुंबईत नरिमन होते. गाठीमागच्या रुपयाचा हिशेब मागायला वऱ्हाडातून कोण जाणार होते?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. त्या चाळीत राहिलेला कामगार आपला वैरी नव्हता. तो कोकणातला, घाटावरचा शेतकऱ्याचाच पोरगा होता. १९७२च्या दुष्काळात ज्वारी जळाली तेव्हा मराठवाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे मुंबईला गेली. त्यांना अंधेरीचा फ्लॅट मिळाला नाही. गावाकडून गेलेल्या गरिबाला उपनगरात जागा मिळते ती नाल्याकाठी नाहीतर डोंगराच्या उतारावर. घाटकोपरच्या अशाच एका उतारावरच्या झोपड्यांवर २०००च्या जुलैत दरड कोसळली आणि साठाहून अधिक माणसे गाडली गेली. शेतातून पैसा शहरात गेला, मागोमाग माणूस गेला, आणि दोघांपैकी पैशालाच तेवढी पक्की जागा मिळाली.

आज आपण काय विचारायचे?

तुम्ही म्हणाल, आता तर स्वराज्य आहे. वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश, मुंबई सगळे १९६०पासून एका राज्यात आहेत. प्रत्येकाला मत आहे. मग ही जुनी गाऱ्हाणी कशाला?

मत आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. ती १९२० साली नव्हती. पण मत असून विचारले नाही तर ते खिशातल्या बंद घड्याळासारखे राहते. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर लावला. कापडवाल्यांना झळ बसली. त्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरचा ११ टक्के आयात कर काढला, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात यायच्या दिवसांत बाहेरच्या कापसाला दार सताड उघडे. कापड गिरण्या जगाव्यात, कामगार जगावा, आम्हालाही वाटते. पण त्यांना वाचवायचा खर्च परत कोणाच्या गाठीवर टाकला? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कोणाला जड जाते?

जमिनीचेही तसेच. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या आपल्याच जिल्ह्यांतून गेला, २०२५च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. १८९४चा कायदा जाऊन २०१३चा आला. सांत्वनाची रक्कम १०० टक्के झाली, ग्रामीण भागात बाजारभावाला गुणक लागला. हे भांडून मिळालेले आहे, ते कमी लेखू नका. पण रस्त्याच्या वळणावर उद्या जी नगरे वसतील, तिथे आपले नाव साष्टीच्या खोतासारखे राहणार, की साष्टीच्या कुळासारखे पुसले जाणार, हे आजच ठरते आहे.

म्हणून या बैठकीतून जाताना प्रत्येक गावाने तीन प्रश्न बरोबर न्यावेत.

पहिला. कोणतीही योजना, कोणताही कर, कोणतीही सवलत आली की विचारायचे: याचा खर्च शेवटी कोणाच्या मालाच्या भावातून निघणार? उत्तर लेखी मागायचे. बाजार समितीच्या सेसपासून दिल्लीच्या आयात करापर्यंत सगळ्याला हा प्रश्न लागू आहे.

दुसरा. जमीन मागायला आले की विचारायचे: घेऊन मोकळे करणार, की वाढीत वाटा देणार? वाटा देण्याची रीत १९१५पासून कायद्यात आहे. ती शहराजवळच्याला मिळते, तर दूरच्याला का नाही? आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही पण जो कसतो, त्याचे काय, हे त्याच बैठकीत विचारायचे. आपल्या घरातल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्या. दुसऱ्याकडे न्याय मागताना आपल्या घरात साष्टी नसावी.

तिसरा. जिथे हे ठरते त्या सभेत आपल्या बाजूने हात वर करणारा कोण होता? त्याने हात वर केला का? नसेल केला, तर पुढच्या वेळी गावात आल्यावर त्याला पाणी द्या, चहा द्या, आणि हा प्रश्न द्या.

अमेरिकेतल्या कापूसवाल्यांची निवडणूक १८९६ साली गेली, पण त्यांच्या मागण्या १९१६पर्यंत कायदा होऊन आल्या. वीस वर्षे लागली. त्यांनी प्रश्न विचारणे थांबवले नव्हते म्हणून. फिलिपिन्सला स्वातंत्र्य मिळायला १९४६ साल उजाडले. आपणही घाईत नाही. पण ‘मालकीचा आहे, भाग नाही’ ही जागा आता आपल्याला मान्य नाही. या राज्यात, या देशात जी सुधारणा होईल, तिचा खर्च आपण देऊ तेव्हा वाटाही मोजून घेऊ.

कुलाब्याचा जुना कापूस बाजार १९२०च्या दशकात शिवडीजवळ हलवला. तिथल्या लोकलच्या स्टेशनाचे नाव अजून कॉटन ग्रीन आहे. कापूस आता तिथे येत नाही, नाव तेवढे राहिले आहे. मुंबईला जाल तेव्हा ती पाटी पाहा, आणि सोबतच्या पोराला गाठीमागच्या रुपयाची गोष्ट सांगा.

एवढे बोलून आम्ही थांबतो. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या बाजार समितीत गेल्या वर्षी किती सेस जमला आणि तो कुठे खर्च झाला, एवढा एक आकडा लिहून आणावा.